सही चालते आहे तोवर : म्हातारपणाच्या तयारीचा क्रम

हा लेख पन्नाशी ओलांडून साठीकडे निघालेल्या आणि म्हातारपणाची तयारी नेमकी कोठून सुरू करावी हे न उमगलेल्या, विशेषतः सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील वाचकांसाठी आहे. आपल्याकडची परिस्थिती थोडी निराळी आहे. जावळी-पाटणच्या घराघरांतील तरुण माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जात आली, खानापूर-आटपाडीची माणसे सोन्याचांदीच्या गलई व्यवसायासाठी केरळ-तमिळनाडूपर्यंत पोहोचली, आणि उरलेली बहुतेक शिकलेली मुले पुण्यात स्थिरावली. त्यामुळे गावातल्या घरात पुष्कळदा दोनच माणसे राहतात, आणि त्यांपैकी एक आजारी पडले की दुसऱ्यावर दवाखाना, बँक, तहसील आणि स्वयंपाक असा सगळा भार एका दिवसात येतो.

मी प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले. ही तयारी मी पुस्तकातून शिकले नाही, घरातल्या एका आजारपणातून शिकले. माझ्या सासऱ्यांना ७८व्या वर्षी पक्षाघात झाला आणि त्यांचा उजवा हात व वाचा एकाच सकाळी गेली. त्यांच्या ठेवी होत्या, परंतु खाते त्यांच्या एकट्याच्या नावावर होते, ठेवींना वारस लावलेला नव्हता, आणि शेताच्या सातबाऱ्यावर तोपर्यंत त्यांच्या वडिलांचेच नाव चालू होते. स्वतःचा पैसा बँकेत असूनही त्यांच्या औषधांसाठी आम्ही जवळजवळ पाच महिने नातेवाइकांकडून उसने घेत होतो. त्यांच्या इच्छा काय होत्या, हे तर शेवटपर्यंत कोणालाच कळले नाही. माणसाची सही चालते, बोलणे समजते आणि पाय कचेरीच्या पायऱ्या चढतात तोवरच करता येतील अशी कामे कोणती, हे मी त्या काळात लिहून काढले. पुढील क्रम त्या यादीतून आलेला आहे.

पहिली पायरी : नाव आणि जन्मतारीख सर्वत्र एक करा

हे काम क्षुल्लक वाटते, म्हणून ते सगळ्यांत मागे पडते. प्रत्यक्षात पुढची सर्व कामे याच्यावर अडतात. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, बँकेचे पासबुक, सातबारा आणि शाळा सोडल्याचा दाखला असे सहा कागद एका ओळीत मांडा आणि प्रत्येकावरचे नाव अक्षर न्‌ अक्षर वाचा. बायकांच्या बाबतीत माहेरचे नाव, लग्नानंतर ठेवलेले नाव आणि घरात वापरातले नाव अशी तीन नावे तीन कागदांवर सापडणे हे आपल्या भागात अजूनही सर्रास आढळते. पुष्कळांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी अशी असते, कारण नोंदणीच्या वेळी तारीख ठाऊक नसल्याने केवळ अंदाजाने वर्ष सांगितलेले असते. ते वर्ष दोन-तीनने पुढचे लागले असेल, तर ज्या सवलती ६०, ६५, ७० किंवा ७५ या वयांना सुरू होतात त्या तेवढ्या वर्षांनी लांबतात.

जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला हा सर्वांत उपयोगी कागद आहे. आपण दुसरी-तिसरीपर्यंतच शिकला असलात तरी त्या गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आपली नोंद असते आणि मुख्याध्यापकांकडे अर्ज केल्यास उतारा मिळतो. मी स्वतः अशी जीर्ण रजिस्टरे हाताळली आहेत. ती दरवर्षी आणखी विरत जातात, म्हणून हा उतारा लवकर काढावा. नावातला फरक मोठा असेल तर प्रतिज्ञापत्र करून राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा आणि त्या आधारे बाकीचे कागद एकेक करून दुरुस्त करावेत.

याच वेळी आधारला चालू मोबाइल क्रमांक जोडून घ्या, आणि तो क्रमांक मुलाचा किंवा नातवाचा न देता स्वतःचा द्या. आयुष्यभर शेतात राबलेल्या हातांची बोटे झिजतात आणि यंत्रावर ठसा उमटत नाही. अशा वेळी डोळ्यांच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय असते, ती मागून घ्यावी. ठसा आला नाही म्हणून परत फिरू नये.

दुसरी पायरी : आपल्या नावावर खरोखर काय आहे ते पाहा

गावातल्या माणसाला आपले शेत कोणते हे पक्के ठाऊक असते, परंतु कागदावर ते कोणाचे आहे हे पुष्कळदा ठाऊक नसते. सर्व गटांचे सातबारा उतारे आणि आठ-अ काढा. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या अल्प शुल्कात मिळतो. त्यावर आजोबांचे, वडिलांचे किंवा वारलेल्या भावाचे नाव अजून असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन गावच्या तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारसनोंदीचा अर्ज करा. २०२५ साली शासनाने ‘जिवंत सातबारा’ या नावाने मोहीमच काढली होती, यावरून अशा मयत खातेदारांची संख्या किती मोठी असेल याची कल्पना येते. वारसनोंद करताना बहिणींची नावे वगळण्याची जुनी सवय सोडावी. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे, हे हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५च्या दुरुस्तीने स्पष्ट केलेले आहे, आणि आज दडवलेले नाव उद्या आपल्या मुलांच्या पदरात दावा म्हणून पडते. बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर तो तिने समजून-उमजून, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडावा.

पत्नीचे नाव हा याच पायरीतला, पण माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. बहुतेक घरांत पत्नी वयाने लहान असते आणि पतीच्या मागे तिला काही वर्षे एकटीने काढावी लागतात; ती वर्षे कोणाच्या घरात आणि कोणाच्या मर्जीवर जातील, हे तिच्या नावावर काय आहे यावर ठरते. पतीच्या हयातीत त्याच्या अर्जावरून सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय लक्ष्मीमुक्ती योजनेत आहे. ग्रामपंचायतीच्या घर-उताऱ्यावरही पती-पत्नी दोघांची नावे लावता येतात. ज्या पुरुष वाचकांनी हे केलेले नाही, त्यांनी कृपया हा परिच्छेद वाचून पुढे न जाता आधी तारीख ठरवावी.

तिसरी पायरी : वर्षाचे उत्पन्न महिन्याचे करा

ऊसबिल कारखाना देईल तेव्हा येते, द्राक्षांचा पैसा उन्हाळ्याच्या तोंडाला येतो, हळदीचा पैसा सांगलीच्या बाजारात पोते विकल्यावर येतो. म्हातारपणाचे खर्च मात्र दर महिन्याच्या दर महिन्याला येतात : रक्तदाबाची गोळी, वीजबिल, दूध, कामाला येणाऱ्या बाईंचा पगार. शेतकरी कुटुंबाची आर्थिक तयारी म्हणजे या दोन वेळापत्रकांचा मेळ घालणे होय, आणि त्याची सुरुवात घरखर्चाची वही लिहिण्यापासून होते. सलग बारा महिने खर्च लिहा, कारण आषाढातला महिना आणि लग्नसराईतला महिना सारखे नसतात. आलेल्या बेरजेत औषधोपचारासाठी वेगळी रक्कम धरा. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर सुमारे १२ वर्षांत तोच खर्च दुप्पट होतो, हेही त्या वहीच्या शेवटच्या पानावर मांडून पाहा. साठीला १५,००० रुपयांत चालणारे घर बहात्तरीला ३०,००० मागेल.

यानंतर दरमहा किंवा दर तिमाहीला हमखास येणाऱ्या पैशाच्या वाटा मोजाव्यात. पोस्टातील आणि बँकांतील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ६० वर्षांवरील व्यक्तीला ३० लाख रुपयांपर्यंत ठेवता येतात. मुदत पाच वर्षांची असते, व्याज दर तिमाहीला मिळते आणि खाते उघडताना असलेला दर त्या मुदतीपुरता कायम राहतो. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत एकट्याच्या नावावर ९ लाख आणि संयुक्त खात्यात १५ लाखांपर्यंत ठेवता येतात.

साखर कारखान्यांत काम केलेल्यांनी एक गोष्ट आवर्जून तपासावी. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५च्या निवृत्तिवेतन योजनेत दहा वर्षांची सेवा झाली असेल तर ५८व्या वर्षापासून पेन्शन मिळते, आणि हंगामी कामगाराने वर्षातले काही महिनेच काम केले असले तरी ते वर्ष सेवेसाठी पूर्ण धरले जाते. आपण हंगामी होतो म्हणून आपल्याला काही मिळणार नाही, असे समजून अर्जच न केलेली माणसे मला भेटलेली आहेत. किमान पेन्शन १,००० रुपये म्हणजे फारच थोडी आहे, हे मान्य. पण ती आपल्या हक्काची आहे, आणि पतीमागे पत्नीलाही कुटुंब निवृत्तिवेतन चालू राहते. ज्यांना कोणताच आधार नाही आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत आहे, अशा ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी श्रावणबाळ योजना आहे. तिचा अर्ज तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत करावा.

ठेवी कोठे ठेवाव्यात, याविषयी मला जरा स्पष्ट लिहायचे आहे. आपले दोन्ही जिल्हे सहकाराचे आहेत. ओळखीच्या माणसाच्या पतसंस्थेत अर्धा-एक टक्का जास्त व्याज मिळते म्हणून निवृत्तीची सगळी पुंजी तेथे ठेवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत आणि ती संस्था अडचणीत आल्यावर दारात बसलेली म्हातारी माणसेही पाहिली आहेत. बँकेतील ठेवीला, मग ती बँक सहकारी का असेना, प्रत्येक ठेवीदारामागे व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे. २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नाही. म्हणून एका बँकेत ५ लाखांच्या आत, अशा रीतीने रक्कम दोन-तीन बँका आणि पोस्ट यांत विभागावी. पतसंस्थेत ठेवायचीच असेल तर बुडाली तरी चूल बंद पडणार नाही एवढीच ठेवावी.

प्रत्येक खाते पती-पत्नींच्या संयुक्त नावावर आणि ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात असणारा’ या पद्धतीने चालेल असे करून घ्या आणि त्यावर नॉमिनी लावा. सही करता येत नसलेल्या आजारी खातेदाराच्या अंगठ्याचा, आणि हाताचा शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर घेऊन पैसे देता येतात. त्यांपैकी एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. हा नियम आम्हाला सासऱ्यांच्या वेळी ठाऊक नव्हता आणि समोरच्यांनीही तो सांगितला नाही. म्हणून तो येथे लिहून ठेवत आहे.

चौथी पायरी : हयातीत काय द्यायचे आणि मागे काय ठेवायचे

या पायरीवर सगळ्यांत जास्त चुका होतात आणि त्या बहुधा प्रेमापोटी होतात. मुलगा कर्ज काढणार असतो, सुनेच्या माहेरी काही बोलणे झालेले असते, भावकीत कोणीतरी वाटप केलेले असते, आणि ‘नाहीतरी सगळे त्यांचेच आहे’ असे म्हणून वडील घर आणि शेत मुलांच्या नावावर करून मोकळे होतात. जवळच्या रक्ताच्या नात्यात बक्षीसपत्राचे मुद्रांक शुल्कही फार नसते, त्यामुळे ते सोपे वाटते. बक्षीसपत्र एकदा नोंदले गेले की ती मिळकत त्याच दिवशी दुसऱ्याची होते. मृत्युपत्राने तीच मिळकत त्याच मुलाला मिळते, परंतु आपल्या शेवटच्या श्वासापर्यंत ती आपली राहते आणि ते कितीही वेळा बदलता येते. माझे मत असे आहे की राहते घर आणि शेतीचा निदान एक बागायती तुकडा पती-पत्नींपैकी शेवटचे माणूस जिवंत असेपर्यंत कोणाच्याही नावावर करू नये. यात मुलांवरचा अविश्वास नाही. मुलाचा धंदा बसू शकतो, त्याचे कर्ज थकू शकते, त्याच्या संसारात ताण येऊ शकतो, आणि या कशातही त्याचा दोष नसताना आपल्या डोक्यावरचे छप्पर जप्तीत जाऊ शकते.

काही कारणाने हयातीत द्यावेच लागले, तर त्या दस्तातच स्पष्ट अट लिहून घ्या की घेणाऱ्याने देणाऱ्याचे अन्न, निवारा, औषधोपचार आणि इतर मूलभूत गरजा भागवायच्या आहेत. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाविषयीच्या २००७च्या कायद्याच्या कलम २३ नुसार अशी अट मोडली गेली तर ते हस्तांतरण रद्द ठरविण्याची मागणी न्यायाधिकरणापुढे करता येते; आपल्याकडे हे न्यायाधिकरण म्हणजे प्रांताधिकारी होत. अट तोंडी असली आणि कागदावर नसली, तर ती सिद्ध करण्यासाठी म्हाताऱ्या माणसाला वर्षानुवर्षे झगडावे लागते. याच कायद्याने मुलांकडून दरमहा निर्वाहभत्ताही मागता येतो. अशी वेळ आलेल्यांसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, आणि जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडे कायदेशीर सल्ल्याची सोय आहे.

मृत्युपत्र करणे लोक समजतात तितके अवघड नाही. ते साध्या कागदावर, स्वतःच्या हस्ताक्षरात, मराठीत लिहिले तरी चालते. त्याला मुद्रांक लागत नाही. त्यावर आपण सही करावी आणि आपल्याला सही करताना पाहणाऱ्या किमान दोन साक्षीदारांनी आपल्यासमोर सही करावी. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान, सहज सापडतील असे आणि मृत्युपत्रातून काहीही न मिळणारे निवडावेत. नोंदणी सक्तीची नाही. तरीही दुय्यम निबंधक कार्यालयात ती करून घ्यावी आणि त्याच दिवशी ‘बुद्धी शाबूत आहे’ असे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे, म्हणजे पुढे आक्षेपांना जागा उरत नाही. मजकुरात गट क्रमांक, घर क्रमांक, खाते क्रमांक, दागिन्यांचे वर्णन आणि देणेकऱ्यांची नावे लिहावीत. वडिलोपार्जित जमिनीत आपल्या वाट्यापुरतेच मृत्युपत्र करता येते, हे ध्यानात ठेवावे. एखाद्या मुलीला किंवा मुलाला कमी देत असाल तर त्याचे कारण दोन ओळींत, मायेच्या शब्दांत लिहा. पैशापेक्षा न सांगितलेले कारण भावंडांना अधिक दुखवते, हे मी जवळून पाहिले आहे.

दोन गैरसमज येथेच दूर केलेले बरे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे त्याच्या हातात देते, परंतु ते कायदेशीर वारसांचे किंवा मृत्युपत्रात ज्याचे नाव आहे त्याचे असतात. दुसरे, कुलमुखत्यारपत्र करून दिले म्हणजे पुढची काळजी मिटली असे नाही, कारण देणाऱ्याची समज गेली की त्या पत्राचा अधिकार कायद्याने संपतो. स्मृतिभ्रंशाच्या काळात ज्या कागदाची सर्वांत गरज वाटेल, नेमका तोच तेव्हा निरुपयोगी ठरतो; म्हणून संयुक्त खाती आधीच केलेली असावी लागतात.

पाचवी पायरी : आजारपण येण्याआधी त्याचा रस्ता पाहून ठेवा

आरोग्यविमा पन्नाशीत घ्यावा, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा करावी लागू शकते आणि ती वर्षे तब्येत ठीक असताना निघून गेलेली बरी. ६५ नंतर नवा विमा नाकारण्याची सरसकट वयोमर्यादा २०२४ पासून राहिलेली नाही, पण हप्ता वयाबरोबर चढतो. अर्जात मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया यांतले काहीही लपवू नका. वयाची ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते आणि त्यावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार योजनेतल्या रुग्णालयांत होतात. आधार कार्डाव्यतिरिक्त त्यासाठी फारसे काही लागत नाही. आजारी पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा सत्तराव्या वाढदिवसालाच हे कार्ड काढावे. त्याआधीच्या वयासाठी महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना आहे. माजी सैनिकांची संख्या आपल्या साताऱ्याकडे मोठी आहे. त्यांनी आपल्या वेगळ्या आरोग्ययोजनेचे कार्ड पत्नीच्या नावासह अद्ययावत आहे का, ते पाहावे.

आता प्रत्यक्ष रस्ता. पक्षाघाताची लक्षणे, म्हणजे तोंड एका बाजूला ओढले जाणे, एक हात वर न उचलता येणे आणि बोलणे अडखळणे, ही घरातल्या शाळकरी नातवालाही पाठ असावीत. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन करावा लागतो. माण, जत किंवा पाटणच्या आतल्या गावातून निघाल्यावर हे साडेचार तास कसे संपतात ते रात्रीच्या वेळी कळते. म्हणून सीटी स्कॅनची रात्रंदिवस सोय असलेले रुग्णालय आपल्याला मिरज, सांगली, कऱ्हाड आणि सातारा यांपैकी कोठे सर्वांत जवळ आहे ते आजच चौकशी करून ठरवा, तेथे जायला दिवसा आणि पावसात किती वेळ लागतो ते पाहा, आणि १०८ रुग्णवाहिका लगेच न मिळाल्यास गाडी कोणाची, चालवणार कोण, हे दोन शेजाऱ्यांशी बोलून ठेवा. आम्ही त्या सकाळी आधी गावातल्या दवाखान्यात, मग तालुक्याला आणि मग शहरात गेलो. तीन ठिकाणी थांबण्यात वेळ निघून गेला.

घेत असलेल्या सर्व औषधांची यादी, मात्रेसह, एका कागदावर लिहून ती पाकिटात आणि कपाटाच्या दारावर आतून चिकटवून ठेवा. मोतीबिंदू, कान आणि दात यांची कामे पुढे ढकलू नका. ऐकू न येणारा माणूस हळूहळू बोलणे सोडतो आणि घरात असूनही एकटा पडतो. दरवर्षीची फ्लूची आणि न्यूमोनियाची लस यांविषयी आपल्या डॉक्टरांना विचारा.

आयुष्याच्या अगदी शेवटी, बरे होण्याची आशा उरली नसताना, कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे की नाही हे आपण आधीच लिहून ठेवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते प्रमाणित करून घ्यावे लागते. कोणी लिहावे आणि काय लिहावे हा ज्याचा-त्याचा प्रश्न आहे. निर्णयाचे ओझे मात्र मुलांच्या माथी येऊ नये, एवढे मला अनुभवाने वाटते.

सहावी पायरी : घर आणि शरीर

जुन्या घरांतला उंच उंबरा, माडीवर जाणारा लाकडी जिना, नहाणीतली गुळगुळीत शहाबादी फरशी आणि अंगणापलीकडचे शौचालय या चार जागा रात्रीच्या वेळी चालून पाहा. खुब्याचे हाड मोडण्याचे निमित्त बहुधा यांतलेच एक असते. झोपण्याची खोली खालच्या मजल्यावर आणा, शौचालय घराला लागून बांधा आणि त्यात कमोड व भिंतीत घट्ट बसवलेली धरायची दांडी घ्या, जाण्यायेण्याच्या वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा ठेवा. हे बांधकाम पंचावन्नाव्या वर्षी, हातात पैसा आणि अंगात देखरेखीचा उत्साह असताना करावे. कृष्णा-वारणेकाठच्या गावांना आणखी एक विचार करावा लागतो. २०१९च्या महापुरात सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, जेथे धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. ज्यांच्या घरात २००५, २०१९ किंवा २०२१ साली पाणी शिरले, त्यांनी पातळी ४० फुटांवर जाताच, म्हणजे इशाऱ्याच्या पातळीलाच, म्हाताऱ्या माणसांना कोणाकडे हलवायचे ते घर आधी ठरवून ठेवावे आणि महिन्याची औषधे पावसाळाभर पिशवीत तयार ठेवावीत.

शरीराबद्दल थोडक्यात. आधाराशिवाय जमिनीवरून उठता येणे ही ताकद टिकवण्यासारखी आहे. त्यासाठी चालण्याबरोबर आठवड्यातून तीन दिवस खुर्चीवरून उठबस, टाचा उचलणे आणि भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे असे व्यायाम करावेत. म्हातारपणी जेवण चहा-बिस्किटावर येते आणि मांस झडते. भाकरीबरोबर मटकी, हुलगा, ताक, आणि चालत असेल त्यांनी अंडे, रोज पोटात जायला हवे.

मनासाठी मात्र उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. भजनी मंडळ, वाचनालय, ज्येष्ठ नागरिक संघ, शेजारच्या मुलांचा अभ्यास घेणे, जे आवडते त्याची सवय नोकरी आणि शेती चालू असतानाच लावून घ्यावी, एवढेच सुचवते. एसटीत ६५ पासून अर्धे तिकीट आहे आणि ७५ पूर्ण झाल्यावर प्रवास मोफत आहे. बहिणीकडे, मैत्रिणीकडे जाणे सोडू नये.

सातवी पायरी : मुलांना बसवून सांगा

गावच्या यात्रेला किंवा दिवाळीला सगळे एकत्र येतात तेव्हा अर्धा दिवस यासाठी राखून ठेवा. मुलगे, मुली, सुना आणि जावई सर्वांना बसवा. सुनेला वगळू नका, कारण सेवा बहुधा तिच्याच वाट्याला येते आणि तिला विचारून ठरवलेली गोष्टच टिकते. कोणी किती पैसे द्यायचे, कोणी किती दिवस येऊन राहायचे, आणि अंथरुणाला खिळल्यास पगारी मदतनीस ठेवायचा झाल्यास त्याचा खर्च कशातून करायचा, हे स्पष्ट बोला. माणूस ठेवणे म्हणजे मुलांनी कर्तव्य टाळले असे मानू नये. सततच्या जागरणाने थकलेली सून आणि पगारी बाईंच्या मदतीने दोन तास झोप मिळालेली सून, यांच्या हातचा घास वेगळा असतो.

त्या बैठकीत एक प्लास्टिकची पाणी न शिरणारी पिशवी सर्वांना दाखवा. तिच्यात सातबारा, आठ-अ आणि घर-उतारा, ठेवींची यादी, विम्याची पत्रे, पेन्शनचे कागद, औषधांची यादी आणि मृत्युपत्राची प्रत असावी. मूळ मृत्युपत्र कोठे आहे ते वरच्या कागदावर लिहावे. पासवर्ड आणि पिन या पिशवीत ठेवू नयेत, आणि फोनवर पोलीस किंवा बँक अधिकारी असल्याचे सांगून ते मागणाऱ्याला तर कधीच देऊ नयेत. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

आमच्या घरी ही पिशवी दर नोव्हेंबरमध्ये उघडली जाते. त्याच महिन्यात मी पेन्शनसाठी हयातीचा दाखला देते, तेव्हा एकाच फेरीत ठेवींच्या मुदती पाहते, औषधांची यादी नव्याने लिहिते आणि वरच्या कागदावर त्या वर्षाची तारीख घालते. पिशवी माडीवरच्या कपाटात असते, कपाटाची एक किल्ली माझ्याकडे आणि दुसरी मुलीकडे.